दूरदेशींच्या सैनिकांस कलावंतांची भेट

युद्ध म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें तोफा, रणगाडे, विमानें आणि जखमी माणसें उभीं राहतात. परंतु ज्यांनीं युद्ध प्रत्यक्ष पाहिलें आहे ते सांगतात कीं, सैनिकाच्या आयुष्यांत लढाईचे तास थोडे आणि वाट पाहण्याचे दिवस फार. चिखलांत, वाळवंटांत किंवा रानांत तंबू ठोकून हुकुमाची वाट पाहावयाची, पत्राची वाट पाहावयाची, आणि आपण घरीं परत जाऊं कीं नाहीं हा प्रश्न कोणास न विचारतां मनांत वागवावयाचा! अन्न, दारूगोळा व औषधें पोंचविण्याची व्यवस्था प्रत्येक सरकार करतें. पण या कंटाळ्यावर व घराच्या ओढीवर कोणतें औषध पाठवावयाचें? गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत यावर एक विलक्षण उपाय योजिला गेला. तो असा कीं, गायक, वादक, नट व नकलाकार यांनीं समुद्र ओलांडून सैनिकांच्या छावणींत जावें आणि तासभर त्यांचें मन रमवावें.

मृत्यु समोर उभा असतां गाण्याचा उपयोग तो काय, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं किंवा त्यांच्या पालकांनीं विचारला तर तो रास्तच आहे. तो प्रश्न त्या काळच्या सेनापतींनींही विचारला होता. या कार्याचा थोडक्यांत इतिहास सांगून त्या प्रश्नाचें उत्तर शोधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या कार्याची पद्धतशीर सुरुवात पहिल्या महायुद्धांत झाली. लीना अॅशवेल नांवाची एक प्रसिद्ध इंग्रज नटी होती. युद्ध सुरू होतांच, आम्हां कलावंतांना फ्रान्समधील सैनिकांकडे जाऊं द्या, असा आग्रह तिनें धरिला. लष्करी अधिकाऱ्यांना ही कल्पना प्रथम मुळींच पटली नाहीं. अखेर वाय्. एम्. सी. ए. या संस्थेच्या स्त्रियांच्या साहाय्यक मंडळानें पुढाकार घेतला, आणि १९१५ सालच्या फेब्रुवारींत पहिला लहानसा संच फ्रान्समधील ल हाव्र या बंदरीं उतरला. तेथील तळांवर व इस्पितळांत या मंडळींचे कार्यक्रम सुरू झाले. सैनिकांनीं त्यांचें असें स्वागत केलें कीं, एका संचाचे पुढें अनेक संच झाले, आणि फ्रान्सच नव्हे तर माल्टा व इजिप्त येथपर्यंत ते जाऊन पोंचले. नाट्यगृहांतील नटनट्यांविषयीं त्या काळीं सभ्य समाजाच्या मनांत बराच संशय असे. एका धार्मिक संस्थेनें त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करावें, ही गोष्ट दोहों पक्षांना नवी होती. सेवेचें काम पुढें आलें तेव्हां जुना संशय आपोआप मागें पडला.

दुसरें महायुद्ध १९३९ मध्यें सुरू झालें तेव्हां हा धडा विसरला गेला नव्हता. इंग्लंडांत बेझिल डीन व लेस्ली हेन्सन या नाट्यव्यवसायी गृहस्थांनीं त्याच वर्षीं 'एन्सा' या संक्षिप्त नांवानें ओळखली जाणारी संस्था उभारली. लंडनचें जुनें ड्रूरी लेन नाट्यगृह हें तिचें मुख्य ठाणें झालें. अमेरिकेंत १९४१ च्या फेब्रुवारींत यू. एस्. ओ. ही संस्था निघाली. तिची रचना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सहा संस्था एकत्र येऊन ती बनली, व त्यांत वाय्. एम्. सी. ए., वाय्. डब्ल्यू. सी. ए., साल्व्हेशन आर्मी, रोमन कॅथॉलिकांची एक संस्था, यहुदी लोकांची एक संस्था आणि प्रवाशांना मदत करणारी एक संस्था यांचा समावेश होता. ज्या पंथांचे लोक एकमेकांच्या उपासनेस सहसा जात नसत, ते सैनिकाच्या सेवेसाठीं एका टेबलाभोंवतीं बसले. १९४१ पासून १९४७ पर्यंत या संस्थेनें चार लक्षांहून अधिक कार्यक्रम केले, व सात हजारांहून अधिक कलावंत परदेशीं पाठविले.

असा दौरा प्रत्यक्ष कसा चाले, हें जाणून घेणें मनोरंजक आहे. कलावंताला प्रथम रोगप्रतिबंधक लसी टोंचून घ्याव्या लागत. आपण कोठें चाललों हें बहुधा त्यास आधीं सांगत नसत. कारण कलावंतांची वाट फुटली तर सैन्याचा ठिकाणाही शत्रूला कळेल. सामान अगदीं मोजकें न्यावें लागे. त्यांना सैनिकी धर्तीचा पोषाख देत, म्हणजे शत्रूच्या हातीं सांपडल्यास त्यांना हेर न समजतां रीतसर युद्धकैद्याप्रमाणें वागवावें. मोठ्या तळांवर वाद्यवृंद व पडदे यांसह मोठे संच जात. पण आघाडीच्या जवळ चारसहा माणसांचीच टोळी पाठवीत. दोन मालमोटारींच्या पाठी एकमेकींस जोडल्या कीं झाली रंगभूमि. सैनिकांनीं टेकडीच्या उतारावर बसावें कीं झालें प्रेक्षागृह! पाऊस आला तर प्रेक्षक उठत नसत, म्हणून कलावंतही थांबत नसत. सर्वच कार्यक्रम उत्तम होत असें मात्र नव्हे. शेंकडों संच पाठवावयाचे म्हटल्यावर त्यांत सामान्य प्रतीचे कलावंत असावयाचेच. 'एन्सा' या अक्षरांचा 'रोज रात्रीं कांहींतरी भयंकर' असा थट्टेचा अर्थ सैनिकांनींच लाविला होता. तरीही पुढच्या कार्यक्रमास जागा अडविण्यासाठीं तेच सैनिक तासभर आधीं येऊन बसत. यावरून एक गोष्ट दिसते. सैनिक केवळ कला पाहण्यास येत नव्हता. कोणीतरी आपल्यासाठीं आलें आहे, हें पाहण्यास तो येत होता.

या बाबतींत व्हेरा लिन या इंग्रज गायिकेचें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. ती १९१७ सालीं लंडनच्या पूर्व भागांतील एका सामान्य कामकऱ्याच्या घरीं जन्मली. १९४१ मध्यें तिचा रेडिओवर एक कार्यक्रम सुरू झाला. त्यांत ती गाणीं म्हणे, आणि सैनिकांच्या घरचे निरोपही सांगे. एखाद्या सैनिकाच्या पत्नीला मूल झालें म्हणजे ती स्वतः प्रसूतिगृहांत जाऊन त्या मातेस भेटे, व बाळबाळंतीण सुखरूप असल्याची वार्ता रेडिओवरून दूरदेशींच्या पित्यास कळवी. हा कार्यक्रम सैनिकांस अत्यंत प्रिय झाला. परंतु कांहीं प्रतिष्ठित लोकांनीं व अधिकाऱ्यांनीं त्यावर टीकेची झोड उठविली. त्यांचें म्हणणें असें कीं, अशा हळव्या गाण्यांनीं सैनिकांचें मन दुबळें होईल. त्यांस रणवाद्यें ऐकविलीं पाहिजेत. व्हेरा लिन हिनें या टीकेस जें उत्तर दिलें तें कृतीनें दिलें. १९४४ सालीं तिला सैनिकांकडे जाण्याची संधि आली तेव्हां, जेथें फारसें कोणी जात नाहीं तेथें मला पाठवा, अशी तिनें मागणी केली. तिची रवानगी ब्रह्मदेशच्या आघाडीकडे झाली.

त्या वेळीं ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर जनरल स्लिम यांच्या हाताखालचें चौदावें सैन्य जपान्यांशीं झुंजत होतें. तीच वेळ कोहिमा व इंफाळच्या घनघोर लढायांची होती. युरोपांतील बातम्यांपुढें या आघाडीकडे कोणाचें लक्ष जात नसे. म्हणून तेथील सैनिक स्वतःस 'विसरलेलें सैन्य' म्हणवून घेत. रान, जळवा, हिंवताप, पाऊस व उकाडा यांनींही सैनिकांस हैराण केलें होतें. अशा ठिकाणीं सत्तावीस वर्षांची ही तरुणी एका वादकास बरोबर घेऊन गेली. एक लहानसा पियानो मालमोटारींत घालून एका छावणीहून दुसऱ्या छावणीस नेत. वाटेंतील धक्क्यांनीं व दमट हवेनें त्याचे सूर बिघडून जात; तरी त्याच्याच साथीवर ती गाई. कधीं समोर हजारों सैनिक असत, तर कधीं इस्पितळांतील एका खाटेजवळ बसून एकट्या रुग्णासाठीं ती गाणें म्हणे. कार्यक्रमानंतर सैनिक तिच्याभोंवतीं जमत व घरच्या गोष्टी विचारीत. लंडनचे रस्ते कसे आहेत, धान्य पुरेसें मिळतें कीं नाहीं, अशा त्या साध्या गोष्टी असत. तूं येथवर आलीस त्या अर्थीं आमचें घर फार दूर नसावें, अशा अर्थाचे उद्गार तिनें सैनिकांच्या तोंडून ऐकले, व ते ती जन्मभर सांगत असे. आमच्या मतें प्रारंभींच्या प्रश्नाचें निम्में उत्तर या उद्गारांत आहे. हळवीं गाणीं ऐकून ते सैनिक दुबळे झाले नाहींत. त्याच चौदाव्या सैन्यानें कोहिमा राखिला व पुढच्या वर्षीं ब्रह्मदेश परत जिंकिला. ज्याला घर आठवतें त्याला आपण कशासाठीं उभे आहों हेंही आठवतें. १९८५ मध्यें व्हेरा लिन हिला 'बर्मा स्टार' हें त्या मोहिमेचें पदक देण्यांत आलें. २०२० च्या जूनमध्यें वयाच्या एकशें तिसऱ्या वर्षीं ती निवर्तली.

रंगभूमीवर गाणें एक, आणि इस्पितळांत गाणें निराळें. जॉइस ग्रेनफेल ही इंग्रज नकलाकार व गायिका १९४४ व १९४५ सालीं व्हायोला टनर्ड या वादिकेसह उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व व हिंदुस्थान येथील लष्करी इस्पितळांतून फिरली. दोघींचें मुख्य काम रुग्णांच्या दालनांतच असे. तेथें पडदा नाहीं, दिवे नाहींत, अंतर नाहीं. पहिल्या खाटेवरचा सैनिक हंसत असतो, दुसऱ्यावरचा वेदनेनें तळमळत असतो, तिसऱ्याचे डोळे बांधलेले असतात. तेथें आवाज किती चढवावा, विनोद कोठें थांबवावा आणि केव्हां नुसतें जवळ बसावें, याचा विवेक क्षणोक्षणीं करावा लागतो. टाळ्यांची अपेक्षा धरून जाणारा माणूस तेथें टिकत नाहीं. कारण कित्येकांना टाळी वाजविण्यास हातच उरलेले नसतात.

ही सेवा निर्धोकही नव्हती. १९४३ च्या फेब्रुवारींत यू. एस्. ओ.च्या कलावंतांना युरोपांत नेणारें एक मोठें विमान लिस्बन येथें नदींत कोसळलें. त्यांत चोवीस जण मृत्यु पावले. जेन फ्रोमन नांवाची गायिका वांचली, पण तिच्या पायांस व हातास भयंकर इजा झाली, आणि तिला पुढें अनेक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. असें असूनही ती १९४५ मध्यें कुबड्या घेऊन पुन्हा युरोपांत गेली, व तिनें सैनिकांपुढें सुमारें ९५ कार्यक्रम केले. कुबड्यांवर उभी राहून गाणारी ती स्त्री पाहून, पाय गमावलेल्या सैनिकांना काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. १९४५ च्या जानेवारींत 'एन्सा'च्या व्हिव्हियन फेयर या एकोणीस वर्षांच्या मुलीची मोटार हॉलंडांत सुरुंग पेरलेल्या भागांत शिरली, व ती ठार झाली. तेथील सिटार्ड येथें सैनिकांच्या थडग्यांतच तिचें थडगें आहे. अमेरिकेचा प्रख्यात वाद्यवृंदनायक ग्लेन मिलर १५ डिसेंबर १९४४ रोजीं सैनिकांच्या कार्यक्रमांसाठीं इंग्लंडहून पॅरिसला विमानानें निघाला, तो पुन्हा कोणासही दिसला नाहीं. कोरियाचें युद्ध सुरू झालें तेव्हां अल जोल्सन हा चौसष्ट वर्षांचा गायक १९५० च्या सप्टेंबरांत स्वतःच्या खर्चानें तेथें गेला, आणि सोळा दिवसांत त्यानें बेचाळीस कार्यक्रम केले. घरीं परतल्यावर थोड्याच दिवसांत, २३ ऑक्टोबर रोजीं, हृदयविकारानें त्याचा अंत झाला.

येथवर या कार्याची उजळ बाजू सांगितली. परंतु कोणत्याही कार्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें शिक्षकास शोभत नाहीं. त्या काळीं अमेरिकेच्या सैन्यांत गोरे व काळे सैनिक वेगळे ठेवीत असत, आणि करमणुकीच्या कार्यक्रमांतही हा भेद पाळीत. लीना होर्न ही कृष्णवर्णीय गायिका अमेरिकेंतील एका छावणींत गावयास गेली, तेव्हां तिला असें दिसलें कीं, जर्मन युद्धकैद्यांना पुढच्या रांगांत बसविलें आहे व आपल्याच देशाच्या काळ्या सैनिकांना त्यांच्या मागें. शत्रु पुढें आणि बंधु मागें! ती रंगमंचावरून खालीं उतरली, कैद्यांच्या रांगा ओलांडून काळ्या सैनिकांपाशीं गेली, आणि कैद्यांकडे पाठ करून तिनें आपलें गाणें म्हटलें. पुढें ती स्वतःच्या खर्चानें काळ्या सैनिकांच्या छावण्यांतून गात फिरली. ज्या देशांत पंक्तिभेदाचें दुःख पिढ्यान् पिढ्या भोगलें गेलें, त्या आपल्या देशांतील मुलांना या गोष्टीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

दुसरी अडचण भाषेची. चौदाव्या सैन्यांतील बहुसंख्य सैनिक हिंदी होते. इटलीच्या रणभूमीवर मराठा पलटणी लढत होत्या; १० जुलै १९४४ रोजीं तेथें वीरमरण पत्करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे हे आपल्या कुलाबा जिल्ह्यांतले, म्हणजे आजच्या रायगडांतले. सातारा-कोल्हापुराकडील खेड्यांतून गेलेल्या जवानाला इंग्रजी गाण्यांत घर कोठून भेटणार? हिंदी सैनिकांच्या करमणुकीसाठीं 'फौजी दिलखुश सभा' या नांवानें निराळी व्यवस्था करण्यांत आली ती याच कारणानें. घराची आठवण घरच्याच भाषेंत व्हावी लागते. पोवाड्याची थाप, भजनाची चाल किंवा लावणीचा ठेका ऐकून ज्याचें मन उचंबळतें, त्याला परक्या वाद्यवृंदानें नुसतें नवल वाटेल.

याच संदर्भांत आपल्या नाशिक जिल्ह्यांतील देवळालीचा उल्लेख केला पाहिजे. स्वदेशीं परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणींत दीर्घकाळ राहावें लागे. त्या रिकाम्या दिवसांचा इतका कंटाळा येई कीं, डोकें फिरलेल्या माणसास इंग्रजींत 'डूलाली' म्हणण्याचा प्रघात या गांवाच्या नांवावरूनच पडला. बाहेरचे कलावंत नेहमींच येत नसत, म्हणून सैनिकांनीं स्वतःच्याच नाटकमंडळ्या काढिल्या. देवळालीच्या अशा एका मंडळींत काम केलेला जिमी पेरी हा तरुण पुढें मोठा लेखक झाला, आणि त्या दिवसांच्या आठवणींवर रचलेली त्याची विनोदी मालिका १९७४ पासून १९८१ पर्यंत इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर चालली. कंटाळ्यांतून वेड जन्मास येतें, तशी कलाही जन्मास येऊं शकते, याचें हें चांगलें उदाहरण होय.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अमेरिकेचा विनोदी नट बॉब होप यानें १९४१ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, सैनिकांसाठीं दौरे केले. व्हिएटनामच्या युद्धांत १९६४ पासून १९७२ पर्यंत प्रत्येक नाताळास तो सैनिकांबरोबर असे. हजारों तरुणांनीं त्याला मनःपूर्वक दुवा दिला. पण युद्ध लांबत गेलें तसे त्याच्या विनोदावर न हंसणारे सैनिकही समोर दिसूं लागले. हें युद्ध न्याय्य आहे काय, अशी शंका त्यांच्या मनांत उत्पन्न झाली होती. १९७१ मध्यें तर जेन फोंडा व डोनाल्ड सदरलंड या नटांनीं अमेरिकन तळांच्या आसपास युद्धाविरुद्धच कार्यक्रम केले, आणि तेही पाहण्यास सैनिक गर्दी करून आले. यावरून असें दिसतें कीं, कलावंत एकटेपणाचें ओझें हलकें करूं शकतो. सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न मात्र कोणाच्याही गाण्यानें किंवा विनोदानें सुटत नाहीं. करमणुकीनें जखम झांकावयाची नसते. जखमी माणसाजवळ बसावयाचें असतें. हा भेद ज्या कलावंतांना कळला, त्यांचींच नांवें सैनिकांनीं प्रेमानें स्मरणांत ठेविलीं.

आपल्या स्वतंत्र देशांतही या सेवेची परंपरा आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतरच्या काळांत चित्रपटनट सुनील दत्त व त्यांच्या पत्नी नर्गिस यांनीं मुंबईंतील कलावंतांचें 'अजंठा आर्ट्स' नांवाचें पथक घेऊन सरहद्दीवरील दुर्गम ठाण्यांतील जवानांच्या भेटी घेतल्या. ज्या उंचीवर चार पावलें चालतांच धाप लागते, तेथें गाणें व नाचणें किती कठीण असेल! १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेश मुक्त झाला तेव्हां या पथकानें डाक्का येथें जाऊनही कार्यक्रम केला.

आज सैनिकाच्या खिशांत दूरध्वनि असतो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याला घरच्यांचा चेहराही त्यांत दिसतो. तरी ही प्रथा बंद पडली नाहीं. रॉबिन विल्यम्स या विनोदी नटानें २००२ पासून २०१३ पर्यंत सहा वेळां यू. एस्. ओ.च्या वतीनें इराक, अफगाणिस्तान वगैरे देशांतील सैनिकांकडे दौरे केले. २००७ च्या डिसेंबरांत कुवेटमधील तळावर तो बोलत असतां संध्याकाळचा बिगूल वाजला. त्यासरशीं सर्व सैनिक उठले, त्याच्याकडे पाठ करून निशाणाकडे वळले व स्तब्ध उभे राहिले. इतकी शांत सभा त्यानें कधीं पाहिली नसेल! तोही बिगूल संपेपर्यंत मुकाट्यानें उभा राहिला, आणि मगच त्यानें आपला विनोद पुढें चालविला. ज्यांच्याकडे पाहुणे म्हणून जावयाचें, त्यांची रीत राखावयाची, हें त्याला ठाऊक होतें.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. गाण्यानें गोळी अडत नाहीं, भूक भागत नाहीं, युद्ध थांबत नाहीं. परंतु दूरदेशीं पडलेल्या माणसाला सर्वांत मोठी भीति मरणाची नसते. आपण विसरले गेलों आहों, ही असते. कोणीतरी वाट तुडवून, स्वतःचें सुख सोडून, केवळ आपल्याला भेटावयास आलें, एवढ्यानें ती भीति पळते. गाणें हें त्या भेटीचें निमित्त. म्हणूनच बेसूर पियानोवर म्हटलेलें गाणें त्या सैनिकांना लंडनच्या नाट्यगृहांतील गाण्याहून गोड लागलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं फार थोड्यांना रणभूमीवर जाऊन गाण्याचा प्रसंग येईल. पण घराला मुकलेलीं माणसें शोधण्यास सरहद्दीपर्यंत जावें लागत नाहीं. वसतिगृहांत नव्यानें आलेला व रात्रीं उशींत तोंड खुपसून रडणारा मुलगा, इस्पितळांतील ज्या खाटेजवळ कोणी येत नाहीं तो रोगी, ज्याचे सर्व सोबती निघून गेले असा आळींतला म्हातारा, हीं सर्व 'विसरलेल्या सैन्यां'तलींच माणसें आहेत. तुम्हांला पेटी वाजवितां येत असेल, गोष्ट सांगतां येत असेल, नक्कल करतां येत असेल, तर ती विद्या केवळ वार्षिक संमेलनाच्या बक्षिसासाठीं राखून ठेवूं नका.

आणि पालकहो, आपल्या महाराष्ट्रांत साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारखीं गांवें आहेत, कीं जेथील घराघरांतून पिढ्यान् पिढ्या मुलगे सैन्यांत जात आले आहेत. आपल्या शेजारींही असें एखादें घर असेल. त्या घरचा मुलगा सुट्टींत येईल तेव्हां त्यास लढाईच्या गोष्टी विचारण्यापूर्वीं जेवावयास बोलवावें. आणि तो परत गेला म्हणजे त्याच्या आईची चौकशी करीत जावी. तिची खुशाली त्याला कळेल, आणि दूरच्या ठाण्यावर पहारा करतांना आपलें घर तितकेंसें दूर नाहीं असें त्याला वाटेल.